आईची पाठ आणि दुपारची चटई

तुमच्या घरात सकाळी सगळ्यांच्या आधी कोण उठतं, आणि उठताना कशाला धरून उठतं, हे तुम्ही कधी पाहिलं आहे का?

मी चोवीस वर्षांची होईपर्यंत पाहिलं नव्हतं. आमच्या सौंसरच्या घरी माजघराच्या दाराची चौकट एका जागी, जमिनीपासून हातभर उंचीवर, तेलकट काळी झाली होती. मला वाटायचं, लहानपणी आमचेच हात लागून ती तशी झाली असेल. ती आईच्या हाताने काळी झाली होती. रोज पहाटे ती अंथरुणावर कुशीला वळायची, गुडघ्यांवर यायची, ती चौकट धरायची आणि दात आवळून स्वतःला वर ओढायची. मग चूल पेटवायची. आम्ही झोपलेलेच असायचो.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बेचाळीस साली बाबा ज्वारीच्या कणगीत पत्रकं लपवायचे, आणि मोठ्याने वाचायला मी शिकले ती त्याच कागदांवर. पुढे शाळेत मास्तरीण झाले आणि स्वतः पत्रकं लिहू लागले. छप्पन साली राज्यांची नवी मांडणी व्हायची होती. आमचा मराठी मुलूख नागपूरपासून तोडू नका, यासाठी आम्ही दहाबारा जण झटत होतो. सभा आमच्या ओसरीवर व्हायच्या. चहा आई करायची. पत्रकं भिंतींवर चिकटवायची खळ आई शिजवायची, भलं मोठं पातेलं दोन्ही हातांनी उतरवायची. 'जनतेच्या वेदना' हे शब्द मी त्या ओसरीवर किती वेळा लिहिले असतील! माजघराचं दार तिथून पाच पावलांवर होतं.

तिला काय हवं होतं

आईची मोठी बहीण, यमुनामावशी, जिला आई 'बाई' म्हणते, सावनेरजवळच्या एका गावात राहते. तिची संत्र्याची बाग आहे. दिवाळीनंतर फळ उतरलं की आई आठ दिवस तिच्याकडे जायची. सौंसरहून छोटी गाडी थेट सावनेरला जाते. बागेत झाडाखाली तणस, म्हणजे पेंढा, अंथरतात, त्यावर फळाचा ढीग घालतात, आणि भोवती बसून बायका मोठं, मधलं, बारीक असं फळ निवडतात. त्या दोघी एकाच ढिगाच्या दोन बाजूंना बसायच्या. लहानपणी मी सोबत असायचे, तेव्हाचं मला आठवतं ते एवढंच की त्या फारसं बोलायच्या नाहीत. एखादीच कोणी काही म्हणायची, आणि दोघी हसत सुटायच्या.

छप्पन सालापर्यंत आई सलग तीन वर्षं गेली नव्हती. विचारलं की म्हणायची, "कापूस वेचायचा आहे, कोन पाहीन?" खरी गोष्ट अशी होती की तिला जमिनीवर बसणं जड जात होतं, आणि बसलीच तर उठता येत नव्हतं. बहिणीच्या बागेत चार बायकांसमोर कोणी काखेत हात घालून आपल्याला उठवावं, हे तिला नको होतं.

निदानाचा दिवस

उन्हाळ्यात एका दुपारी ओसरीवर सभा भरलेली असताना आतून करपल्याचा वास आला. मी आत गेले. खळ चुलीवर लागली होती आणि आई चौकट धरून गुडघ्यांवर होती. ना वर जाता येत होतं, ना खाली. घामाने थबथबली होती. मला पाहून पहिलं काय म्हणाली असेल?

"अवं, खळ उतरव ना. कागद कायनं चिकटवसान?"

आम्ही तिला नागपूरला नेलं. तेव्हा नागपूर आमचीच राजधानी होती. मोठ्या दवाखान्यात पाठीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरला आणि बाबांकडे पाहून सांगितलं की मणके झिजले आहेत, साठी आली आहे, हे आता असंच राहायचं. पट्टा बांधा, ओझं उचलू देऊ नका, पडून राहू द्या. आई त्याच खोलीत स्टुलावर बसली होती. तिच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर तिने बाबांना विचारलं, "काय म्हने?"

"वयाचं आहे म्हणे."

"दुखनं माह्यं, अन् सांगतलं तुमाले?"

गावोगाव भाषणं ठोकणारी मी, त्या खोलीत एक प्रश्न विचारू शकले नव्हते. त्याचा राग मला अजून आहे, आणि तो डॉक्टरांपेक्षा माझ्यावर जास्त आहे.

तिला आठ दिवस वॉर्डात ठेवलं. पहाटे घंटा, मग तोंडात थर्मामीटर, मग पातळ दूध, मग लांबलचक दुपार. नातेवाईक व्हरांड्यात स्टोव्ह पेटवून पोळ्या करायचे. आईच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी रोज विचारायची, "तुझं काय दुखते व?" आणि आई सांगायला लागली की म्हणायची, "राहू दे बाई, मले माह्यंच पुरे आहे." दोघी हसायच्या. तिथली आया रोज संध्याकाळी एक वीट तापवून, फडक्यात गुंडाळून आईच्या कमरेखाली सरकवायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्या आठ दिवसांत आईच्या पाठीला खरा आराम मिळाला तो त्या विटेने.

पडून राहा

पावसाळाभर ती लाकडी फळीवर पडून होती. दुखणं कमी झालं नाही, उलट पाय काटकुळे झाले. उठून परसात जायचं तर दोघांनी धरावं लागे. तिच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा भीती दिसली. मरणाची भीती नव्हती ती. कायमचं कोणाच्या तरी हातावर जगावं लागेल, याची होती.

घरात भांडणं व्हायला लागली. बाबा भाकऱ्या थापायचे, त्या फाटायच्या, मग ते चुलीवरच ओरडायचे. एकदा मी त्यांना टाकून बोलले, "तुम्ही देश सोडवायला निघालात, आणि घरातली बाई चौकट धरून उठते हे तीस वर्षांत तुम्हाला दिसलं नाही!"

बाबा शांतपणे म्हणाले, "नाही दिसलं. पण तू तर तिच्या शेजारी झोपत होती ना, कमल?"

फळीवरून आईच बोलली, "भांडून राहिले दोघं, अन् तिकडे भाकर जळून राहिली."

पांढुर्ण्याच्या इंदूताई

शाळेतल्या एका बाईंनी इंदूताईंचं नाव सांगितलं. त्रेसष्ट वर्षांच्या, विधवा, पूर्वी नर्स होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी पुण्याकडे लष्करी दवाखान्यात काम केलं होतं. पाठ मोडलेल्या शिपायांना तिथे जमिनीवर झोपवून एक संथ कसरत शिकवत. ती मूळची कोणा जर्मन माणसाची, पहिल्या महायुद्धात तो कैदेत पडला होता आणि छावणीतल्या आजाऱ्यांना खाटेवरच हातपाय हलवायला लावायचा, असं इंदूताईंना तिथल्या गोऱ्या शिक्षिकेने सांगितलं होतं. त्या कसरतीचं नाव त्यांना आठवत नव्हतं. पुढे त्यांची स्वतःची कंबर धरली, तेव्हा त्यांनी तीच स्वतःवर केली.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला मोटारीने पांढुर्ण्याला नेलं. जवळच्या तिगावातल्या ओळखीच्या लोकांची बैलगाडी, गवत भरून, इंदूताईंनी मोटारअड्ड्यावर पाठवली होती. त्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत आम्ही पंधरा दिवस राहिलो.

पहिल्याच दुपारी त्यांनी शिंदीची चटई अंथरली आणि म्हणाल्या, "झोपा."

आई उभीच. "आता? दिवसाढवळ्या?"

"मग काय मुहूर्त पाहू?"

"दुपारी आडवं पडलेलं आमच्या सासूले चालत नव्हतं, बाई. अवदसा येते म्हनत घरात. पावसाळाभर फळीवर पडली होती मी, तर तोंड भिंतीकडे करून पडत होती."

"सासू आहे का आता?"

"वारून बारा वर्सं झाली."

"मग अजून कोणाची लाज धरून राहिल्या?" इंदूताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जामसांवलीले जाता ना दर्शनाले?"

"दर साली."

"तिथला मारुती उभा आहे का?"

जामसांवलीचा हनुमान आडवा आहे, निजलेला. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आईच्या चेहऱ्यावर किती तरी महिन्यांनी हसू आलं.

"तो देव आहे, बाप्पा."

"देव आडवा पडला तर दर्शन, अन् बाई पडली तर अवदसा? झोपा गुमान."

आई झोपली. नऊवारीचा काष्टा असल्याने पाय हलवायची अडचण नव्हती. गुडघे वर, तळपाय जमिनीला. इंदूताईंनी तिचा हात तिच्याच पोटावर ठेवला. श्वास फासळ्यांत भरायचा, आणि सोडताना बेंबी पाठीकडे ओढायची. "लुगड्याची गाठ मारताना पोट आत घेता ना, तेवढंच. जास्त नाही." मग कंबर उचलायची, पण एकदम नाही. माळेतला एकेक मणी उचलावा तसा एकेक मणका, आणि उतरवायचाही एकेक.

"सहा वेळा," त्या म्हणाल्या. "सातवं नाही."

"एवढ्यानं काय होते?"

"पाठीले भरोसा येते. इतके दिवस ती भिऊन आखडून राहिली आहे. तिला मारून मुटकून सरळ नाही करायचं. समजवायचं आहे."

आम्ही पांढुर्ण्यात असतानाच नवी राज्यं झाली. नागपूर गेलं मुंबई राज्यात, आम्ही राहिलो मध्य प्रदेशात, आमची राजधानी भोपाळ. मी अंगणात उभी राहून रडले. घराघरांवर पणत्या लावलेल्या होत्या आणि मला त्या सगळ्या विझवाव्याशा वाटत होत्या. आईने आतून हाक मारली. चटईवर होती.

"कमे, सावनेर कोनाकडे गेलं?"

"तिकडे."

"म्हन्जे बाई परमुलखात गेली." कंबर उतरवत म्हणाली, "गाडी तर जाते ना?"

"जाते."

"मग मोज माह्ये. चार झाले."

माझी चूक

आता जे लिहिते ते दोन वेळा लिहून खोडलं होतं.

सौंसरला परत आल्यावर मी आईसाठी एक कागद तयार केला आणि चटईसमोरच्या भिंतीवर चिकटवला. कसरती क्रमाने लिहिल्या, आणि वर ठळक अक्षरांत, सवयीने, मथळा दिला: 'जितकी चिकाटी, तितकी मुक्ती! थकू नका! थांबू नका!' सीमेवर हरलेली लढाई मी आईच्या पाठीवर लढायला निघाले होते, हे मला तेव्हा कळलं नाही. 'सहा' हा आकडा मी कुठे तरी खाली, बारीक अक्षरांत लिहिला.

आईला अक्षरओळख आहे. तिने ठळक तेवढं वाचलं.

आणि तिने ते आपल्या पद्धतीने समजून घेतलं. जामसांवलीच्या मारुतीला ती मनातल्या मनात नवस बोलली: फळ उतरायच्या आत बरं कर, दर शनिवारी एकशे आठ करीन. निजलेल्या देवापुढे निजून सेवा करायची, एवढं सरळ होतं तिचं. शनिवारचा निरंकार उपास, मी शाळेत, बाबा शेतात. तुळशीची माळ हातात घेऊन तिने कंबर उचलायला सुरुवात केली. एक मणी, एक वेळ.

मी परतले तेव्हा ती चटईवरच होती. माळ बाजूला पडलेली. "एकसष्ट झाले," एवढंच म्हणाली, आणि चेहरा वळवला.

त्यानंतर ती तीन आठवडे उठली नाही. मावशीचा निरोप आला, फळ उतरून राहिलं, ये. बाबांनी उलट निरोप पाठवला, येणं होत नाही. मग सावनेरहून येणाऱ्या कोणाबरोबर तरी मावशीने एक टोपलं पाठवलं. आईने ते उशाशी ठेवायला लावलं. खाल्लं नाही. सकाळी एक संत्रं हातात घ्यायची, वास घ्यायची, परत ठेवायची. मग हाताने वजन करून सांगायची, "हे मधलं. बाई याले मोठ्यात टाकते, नेहमीच टाकते." टोपलं सुकत गेलं, तरी ती रोज निवडत होती.

मी इंदूताईंना सगळं लिहिलं. वाटलं, त्या रागावतील. त्यांचं कार्ड आलं: 'तुमचा कागद काढा. दुसरा मी सांगते तो लावा. आणि तुम्ही स्वतः तिच्या शेजारी झोपून करा. एकटीने करू देऊ नका.'

मी भिंतीवरचा कागद उतरवला. खळ चांगलीच बसली होती. आईनेच शिजवलेली. पाणी लावून नखाने खरवडावा लागला. त्या जागी लावलेल्या कागदावर चारच शब्द होते: 'सहा. सातवं नाही. थांबा.'

आयुष्यात मी पहिल्यांदा 'थांबा' असं पत्रक लिहिलं.

नवसाचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. आई बोललेली होती आणि ते तिला टोचत होतं. बाबा देवाधर्माचे नाहीत, पण ते जामसांवलीला गेले, चार मैल पायी चालून, आणि परत येऊन म्हणाले, "सांगून आलो त्याले. ती शनिवारचे सहा-सहा जमा करत जाईन म्हटलं, एकशे आठ होईपर्यंत."

"काय म्हने?" आईने विचारलं.

"काही नाही. झोपला होता."

आई इतकी हसली की कंबर दुखली.

दुपारी

तेव्हापासून रोज दुपारी, भांडी झाल्यावर, आम्ही माजघराचं दार लावून दोन चटया अंथरत असू. सुट्टीच्या दिवशी मी, एरवी बाबा. होय, बाबासुद्धा. पहिल्या दिवशी त्यांना बेंबी पाठीकडे ओढता येईना. आई म्हणाली, "इतकी वर्सं पोट पुढेच करून राहिले, आता मांगे कसं येईन?"

शेजारच्या काकू दार वाजवायच्या. "दिवसा दार लावून काय करून राहिले व? म्हातारपणी तालीम करता का कुस्तीची?" पहिले काही दिवस आई ओशाळून उठायची. मग एक दिवस तिने आतूनच सांगितलं, "आडवी पडली आहे. अर्ध्या घंट्यानं या." तिच्या तोंडून ते वाक्य ऐकलं तेव्हा मला भाषणापेक्षा मोठं काही ऐकल्यासारखं वाटलं.

दुखणं गेलं नाही. हे मी स्पष्ट लिहिते, कारण या आजाराबद्दल खोटी आशा विकणारे पुष्कळ आहेत. थंडीत ते येतं, ढगाळ दिवशी येतं. काही दिवस सहासुद्धा होत नाहीत, मग आई तीन करते. पण आधी दुखणं तिला चालवायचं, आता ती त्याला सोबत घेऊन चालते. होळीपर्यंत ती परसात एकटी जाऊ लागली. पोळ्यापर्यंत पाटावर बसू लागली. चौकटीचा हात सुटला तो दिवस कोणता, हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही.

ढिगाजवळ

गेल्या दिवाळीनंतर आम्ही सावनेरला गेलो. छोट्या गाडीच्या बाकावर आई अर्धा वेळ बसली, अर्धा वेळ उभी राहिली. हद्द कुठे गेली ते मी खिडकीतून शोधत होते. कपाशीच्या पऱ्हाट्या इकडेही होत्या, तिकडेही. आईने विचारलं, "आली का तुही रेघ?"

बागेत तणस अंथरलेलं होतं, ढीग घातलेला होता. मावशी पलीकडे बसलेली, सत्तरीची, वाळून गेलेली. चार वर्षांत इतकी. आई तिच्यासमोर उभी राहिली. मग एक गुडघा, दुसरा गुडघा, आणि एक हात जमिनीला लावून ती बसली. मांडी घालून. बहिणीने मान वर केली नाही. फक्त एक संत्रं उचललं, मोठ्यात टाकलं.

"मधलं आहे ते," आई म्हणाली.

"चार वर्सं कोनी सांगतलं नाही मले," मावशी म्हणाली.

दोघी एवढ्या हसल्या की बाकीच्या बायका बघत राहिल्या.

एक टोपलं भरेपर्यंत आई बसू शकली. अर्धा तास असेल. मग ती उठली. काही न धरता, सावकाश, माळेतले मणी उचलावेत तशी. मावशी तिच्याकडे बघत होती. तिने स्वतःचा हात शेजारच्या संत्र्याच्या खोडावर ठेवला आणि दात आवळले. तेव्हा मला त्या खोडावर, हातभर उंचीवर, साल गुळगुळीत काळी झालेली दिसली.

आईलाही दिसली. गाडीतून आणलेली शिंदीची चटई तिने तणसाच्या कडेला उलगडली.

"बाई, झोप."

"इथं? मानसं पाहून राहिले."

"पाहू दे."

आठ दिवस त्या दोघी रोज दुपारी त्या झाडाखाली शेजारीशेजारी आडव्या पडत होत्या, आणि फळ सुना निवडत होत्या. परतताना गाडी सुटल्यावर आई बराच वेळ मागे बघत होती. "चार वर्सं मी बसाले तरसली," म्हणाली, "अन् तिले त्याच्या आधीपासून उठता येत नव्हतं. मले सांगतलं नाही तिनं. मी बी तिले नव्हतं सांगतलं."

म्हणून माझं एक मागणं आहे. वर्गणी नको, सही नको, सभेला येऊ नका. आज दुपारी तुमच्या घरातल्या त्या बाईला विचारा की ती काय धरून उठते. तिला कुठे दुखतं ते तिच्याच तोंडून ऐका, डॉक्टरांकडे नेलं तर उत्तरही तिलाच द्यायला लावा, आणि त्यांनी हरकत घेतली नाही तर या कसरतीची माहिती असलेलं माणूस शोधा. मग भांडी तुम्ही घासा, चटई अंथरा, दार लावून घ्या, आणि पहिले काही दिवस तिच्या शेजारी स्वतः झोपा. बाहेरून कोणी विचारलं, "ती कुठे आहे?" तर लाजू नका. मोठ्याने सांगा: आडवी पडली आहे. अर्ध्या तासाने या.